देवाप्पाचा गुलाबी कागद

एक्क्याऐंशी सालच्या त्या सकाळी, निपाणीजवळच्या मळ्यात, बायका फडकी कमरेला खोचून उभ्या होत्या आणि देवाप्पा काही केल्या हुकूम देत नव्हता. वाळत घातलेली तंबाखू दवाने मऊ पडली की गोळा करायची. ऊन चढून पान कडक झाले की थांबायचे, नाहीतर हाती नुसता भुगा येतो. ही वेळ मुकादम देवाप्पा पान चिमटीत धरून सांगे. त्याची सगळी पत त्या चिमटीत होती, आणि गेल्या वर्षापासून बोटे बधिर झाली होती. हे फक्त त्याच्या मुलाला, कृष्णातला, ठाऊक होते.

कृष्णात हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याने कोबाल्ट क्लोराइडच्या पाण्यात टिपकागद बुडवून वाळवला आणि बापाला दिला. हवा दमट असली की कागद गुलाबी, कोरडी झाली की निळा, पुन्हा दमट झाली की पुन्हा गुलाबी. ही क्रिया दोन्हीकडे चालते, हवा बदलेल तसा तिचा तोल झुकतो, असे त्याने वर्गात सांगावे तसे समजावले. देवाप्पाला तोलाचे कळले नाही, रंगाचे कळले.

आता त्याने पाठ फिरवून डोक्याच्या पटक्यातून कागद काढला. गुलाबी होता. त्याने हात केला, बायका वाकल्या.

उन्हे पाठीवर आली तेव्हा त्यांतली वडीलधारी आक्काताई म्हणाली, पान वाजाय लागलंय, थांबायचं का? देवाप्पाने पुन्हा हळूच पाहिले. गुलाबीच. चालू द्या म्हणाला. घटकाभरात पाने हातात चुरली आणि भुगा वाऱ्यावर उडाला. मळ्याच्या मालकाने मूठभर भुगा उचलून पाहिला, देवाप्पाच्या पायाशी टाकला आणि तो निघून गेला. देवाप्पाला ते फार लागले.

संध्याकाळी कृष्णातने विचारले, कागद ठेवला कुठे होता?

“पटक्यात. चारचौघांत कागूद बघून पान वळखायचं, लाज न्हाय व्हय?”

कृष्णातने कपाळाला हात लावला. कागद खरेच बोलला होता, पण शेताबद्दल नाही, पटक्यातल्या घामाबद्दल.

“चूक माझी, आप्पा. उघड्यावर धरायचा हे मी सांगितलंच न्हाय.” त्याने कागद चुलीच्या धगीला धरला. “हे बघा, परत निळा.”

देवाप्पाने कागद हातात घेतला. “कागूद परत फिरतोय रं. माझी बोटं आता फिरायची न्हाईत.”

कृष्णातने बापाचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी देवाप्पाने बोटांचे सगळ्यांसमोर मालकाला सांगून टाकले. यापुढे वेळ आक्काताईने सांगावी, म्हणाला. मग कमरेला फडके बांधून तो बायकांच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

आक्काताईने पान चिमटीत धरले. पण मुकादमाला हुकूम द्यायला तिचे तोंड उघडेना.

“सांग की गं,” देवाप्पा म्हणाला. “ऊन थांबतंय व्हय?”

“उचला, मुकादम,” ती हळू म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी देवाप्पा वाकला.