वर्लिनच्या कमरेचं पिस्तूल

“मी आहे तोवर या गावात कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही!” वर्लिन स्टकीनं स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं आणि कमरेवर थाप मारली. पिस्तूल जड होतं. पँट गुडघ्यापर्यंत आली.

“आधी पँट वाचव,” पॅनकेक उलटता उलटता बायको डार्ला म्हणाली.

छुपं पिस्तूल बाळगायचं लायसन नुकतंच पोस्टानं आलं होतं. क्लास झाला, बोटांचे ठसे झाले, कागदी माणसाला गोळ्या घालून झाल्या. आता कमरेला लावायचं काय? मोठं घेतलं तर हे असं. छोटं घेतलं तर त्याचं जाडं बोट ट्रिगरमध्ये शिरेना. शेवटी दुकानदारानं मधलं गळ्यात मारलं. उभं राहिलं की ते दिसायचं नाही, बसलं की पोटात रुतायचं.

आणि हो, त्यांच्या हार्लन क्रीक गावात शेवटची चोरी झाली ती भोपळ्याची.

रविवारी चर्चमध्ये तो मुद्दाम दाराजवळ बसला, शेजारी पाच वर्षांची नात जोसी. चर्च सुटलं की मुलगी शेल्बी तिला दिवसभर त्याच्याकडे सोडायची, आणि त्या एका दिवसावर वर्लिनचा आख्खा आठवडा निघायचा.

प्रवचन लांबलं. वर्लिन संडासात गेला. पँट सोडली की पिस्तूल फरशीवर आपटतं, म्हणून पिस्तूलवाली मंडळी ते आधी काढून ठेवतात. वर्लिननं ते टॉयलेट पेपरच्या रोलवर ठेवलं, हात स्वच्छ धुतले आणि ताठ मानेनं बाहेर आला. चर्चमध्ये संडास एकच. त्याच्यामागून जोसी गेली.

ती परत आली ती दोन्ही हातांत ते धरून, मधल्या वाटेनं.

“आजोबा, तुझं हे राहिलं!”

सगळं चर्च बाकांखाली! ज्यांच्या कमरेला पिस्तुलं होती, ते सगळ्यांत आधी. फक्त ओलेटा चालत पुढे आली. ती रिटायर पोलीस, वर्लिनचा क्लास तिनंच घेतलेला.

“किती सांभाळून आणलंस गं! खाली ठेव बघू. शहाणी माझी.”

जोसीनं ठेवलं. शेल्बीनं तिला उचललं. “डॅड, ही आता तुझ्या घरी पाय ठेवणार नाही.”

नंतर कॉफीला तिघंजण वर्लिनचं सांत्वन करायला आले. तिघांनीही वेगवेगळी पिस्तुलाची म्यानं सुचवली. पिस्तूल घरी ठेव, असं एकालाही सुचलं नाही.

ओलेटा त्याच्यासमोर बसली. “कुणाला घाबरतोस रे?”

“चोर... कुणी माथेफिरू...”

“आज चर्चमध्ये पिस्तूल घेऊन कोण फिरलं?”

वर्लिननं हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

“लायसन म्हणजे परवानगी. अक्कल त्याच पाकिटातून येत नाही, वर्लिन. आणि क्लास मीच घेतला, म्हणजे मीही आलेच त्यात.”

वर्लिनला रडू फुटलं. “तिचं बोट लागलं असतं गं! माझ्या हातानं गेली असती पोर!”

दुसऱ्याच दिवशी त्यानं पिस्तूल दुकानात परत केलं. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहिला. “मला वाटलं मी शूर झालो. मी भित्राच होतो, फक्त माझ्या भीतीत गोळ्या भरल्या होत्या. तुम्हीही जरा कमरेला हात लावून बघा.”

मंडळी, या गोष्टीतून मला हेच सांगायचंय. भीती कमरेला बांधली म्हणून पळत नाही. आपण ती आपल्याच पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवतो.

चर्चमध्ये वर्लिनला टाळ्या पडल्या. पिस्तुलं जिथली तिथेच राहिली.

वसंतात शेल्बीचा राग निवळला. जोसीला घेऊन ती घरी आली. पोरगी अंगणात पळाली. डार्लानं पीचचा केक कापायला घेतला, वर्लिननं मुलीला मिठी मारली. खांद्यावरची पर्स त्याच्या बरगडीला टोचली.

“हे काय गं?”

“लायसन आलं माझं,” शेल्बी म्हणाली. “तू सोडलंस, मग आता जोसीकडे बघायला कुणीतरी नको?”

मग तिनं जोसीची टोपी काढायला पर्समध्ये हात घातला. गोळी फ्रिजमधून आरपार जाऊन अंगणाकडच्या भिंतीत अडकली.