नऊ आणि सत्तावीस

आभाळात वीज चमकली की शहाण्या माणसाने खिडक्या लावाव्यात, दोरीवरचे कपडे काढावेत आणि गुपचूप घरात बसावं. एवढी अक्कल कोंबडीलाही असते. पण त्या शहरात आठ-दहा माणसं अशी होती की वर जरा खुट्ट झालं की ती गच्चीकडे पळत सुटायची. त्यांच्या घरच्यांनी वैतागून त्यांना ‘गडगडाट मंडळ’ म्हणायला सुरुवात केली. मंडळींना लाज वाटायची ती राहिली बाजूला, त्यांनी तेच नाव फोनवरच्या आपल्या ग्रुपला देऊन टाकलं.

गर्जेल तो पडेल काय, असं लोक म्हणतात. यांना तो पडायला नकोच होता, नुसता गर्जला तरी पुरे होतं.

मंडळाचा खांब म्हणजे मिस्त्री. त्याची सगळी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर एकाच आठमजली इमारतीची लिफ्ट त्याने सांभाळायला ठेवली होती, आणि तीही पगारापेक्षा गच्चीच्या लोभाने. गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली होती, तिची किल्ली त्याच्याकडे. तिथे एक स्टूल, एक तेलकट पंखा, आणि चारी बाजूंना मोकळं आभाळ. गंमत अशी की वादळ आलं की वीज जायची, वीज गेली की लिफ्ट अडकायची, आणि आत अडकलेली माणसं ज्याच्या नावाने शंख करायची तोच माणूस वर उभा राहून आणखी एका कडकडाटाची वाट बघत असायचा. “तुमचं म्हणजे बंबवाल्याने आगीला नवस बोलण्यासारखं आहे,” असं मंडळातला बेकरीवाला म्हणायचा.

त्यांचा खेळ सोपा होता. आधी उजेड दिसतो, मागून आवाज येतो. मधले सेकंद मोजायचे आणि तिनाने भागायचं. तेवढे किलोमीटर दूर वीज कडाडली. प्रत्येकाने आपापल्या घरून आकडा कळवायचा. मग भूगोलाच्या बाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या आणि मुलांऐवजी आता या मंडळींना दरडावणाऱ्या, शहराच्या नकाशावर प्रत्येकाच्या घराभोवती कंपासने वर्तुळ काढायच्या. वर्तुळं जिथे एकमेकांना छेदतील तिथे वीज. कंपासचं टोक वर्षानुवर्षं त्याच जागी रुतून नकाशाला बारीक भोकं पडली होती. एकेक भोक म्हणजे एकेक घर.

बाई सगळ्यांना उलटून विचारायच्या, “नक्की ना?” बेकरीवाल्याला तर दोनदा, कारण तो गिऱ्हाईकाला पाव बांधून देता देता मोजायचा. मिस्त्रीला मात्र त्यांनी कधीच विचारलं नाही. मिस्त्री म्हणाला सोळा, म्हणजे सोळा.

नकाशावर मिस्त्रीच्या भोकापासून बरंच लांब, कालव्यापलीकडे आणखी एक भोक होतं. ते त्याच्या मुलीचं, बारकीचं.

बारकी अक्षरं शिकायच्या आधी आकडे शिकली, आणि तेही बापाच्या खांद्यावर बसून, गच्चीवर. पुढे नोकरीच्या प्रशिक्षणासाठी ती सहा महिने दूरच्या गावी गेली, आणि नेमकी तेव्हा तिची आई आजारी पडली. साधं दुखणं नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मान हलवली होती. पोरीची परीक्षा बुडू नये म्हणून मिस्त्री रोज फोनवर सांगत राहिला, “बरी आहे गं. सर्दी झाली आहे, आवाज बसलाय, म्हणून बोलत नाही.” बारकी परत आली तेव्हा आई अंथरुणावर नव्हती. अंथरुणही गुंडाळून ठेवलं होतं.

त्या दिवशी ओट्याला टेकून ती एवढंच म्हणाली, “बाबा, ढगाबद्दल तुम्ही जन्मात कधी खोटं बोलला नाहीत. आईबद्दल बोललात. यापुढे मी तुमचा आकडा तेवढा खरा मानीन. शब्द नाही.”

आणि तिने बोललेलं खरं केलं. कालव्यापलीकडे खोली घेतली. फोन उचलेना, दिवाळीला ना वाढदिवसाला. पण ग्रुप तिने सोडला नाही. वीज चमकली की तिचा आकडा यायचा, त्याच्यामागे मिस्त्रीचा. बाई वर्तुळं काढून फोटो टाकायच्या आणि त्या फोटोखाली बारकी एक अंगठा उमटवायची. त्याच्या वर्तुळाची रेघ आणि तिची रेघ कुठल्याशा शेतावर नाहीतर गोदामावर एकमेकींना चिकटलेली असायची. तीन वर्षं बाप-लेकीचं बोलणं ते एवढंच. मिस्त्रीला तेवढ्यावर तग धरता येत होता. तिचा आकडा झटकन आला तर पोर ठणठणीत आहे, उशिरा आला तर दमली असेल, असा अर्थ तो लावायचा. बाकी सगळा संसार हातातून गेला होता, हा अंगठा तेवढा उरला होता.

आणि या उन्हाळ्यात आभाळाने दगा दिला. ऊन असं की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संध्याकाळीही चटका द्यायचं, पण वळवाचं नाव नाही. दुपारी ढग जमायचे, फुलकोबीसारखे फुगायचे, मंडळी डोळ्यांत तेल घालून बसायची, आणि दिवेलागणीपर्यंत सगळं विरून जायचं. ग्रुपवर नुसते उसासे. बेकरीवाल्याने लिहिलं, “माझ्या भट्टीत यापेक्षा जास्त हालचाल आहे.” सगळे हसले. मिस्त्री हसला नाही. इतरांचा फक्त छंद वाया चालला होता.

त्याच्या मनात नको नको ते येऊ लागलं. असाच उन्हाळा सरला तर? पोरीला तेवढीही सवय राहिली नाही तर? माणूस नाही बोलला की आधी राग जातो, मग आठवण जाते. राग होता तोवर बरं होतं, असं त्याला वाटू लागलं होतं.

त्या संध्याकाळी तो मशीनच्या खोलीत ब्रेकची झीज तपासत होता. खिशात फोन थरथरला. हात पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“नऊ.” बारकीचा आकडा.

मिस्त्री धडपडत गच्चीवर आला. कालव्याच्या दिशेला खरंच ढग उभा होता, खालून पिवळसर, जड. त्याने डोळे फाडून पाहिलं. चमक नाही. पाण्याचा पंप घुरघुरत होता, तो बंद केला. कानामागे तळहात धरला. खाली रस्त्यावर एक गाडी मागे घेताना पिपाणी वाजवत होती. ती थांबेपर्यंत त्याने श्वास धरला. मग शांतता झाली आणि त्या शांततेत काहीसुद्धा नव्हतं.

‘ऐकू आलं नाही’ असं लिहायची मंडळात पद्धत होती. त्यात लाज नव्हती. बेकरीवाला तर कितीदा तसंच लिहायचा. पण ‘ऐकू आलं नाही’ला वर्तुळ नसतं. वर्तुळ नाही तर फोटो नाही, फोटो नाही तर अंगठा नाही. आणि पुन्हा वीज कधी चमकणार, या वर्षी चमकणार की नाही, कोणाला ठाऊक.

तिचं घर इथून दहा किलोमीटरवर. नऊ सेकंद म्हणजे वीज तिच्यापासून तीनवर. म्हणजे आपल्यापासून सातच्या पुढे आणि तेराच्या आत. ढगाकडे बघता नऊ किलोमीटर बरोबर बसतील. नऊ त्रिक सत्तावीस. जन्मभर खरं मोजत आलेल्या माणसाला खोटं मोजायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तेवढ्या वेळात त्याने स्वतःची समजूतही घातली: ढग तर आहे, आवाज झालाच असेल, माझेच कान आता म्हातारे झालेत.

“सत्तावीस,” त्याने पाठवलं.

ग्रुपवर एकदम जत्रा भरली. “अखेर!” “उघडलं खातं!” बेकरीवाला म्हणाला, “मला तर चिमणीही ऐकू आली नाही. पण मिस्त्रीने ऐकलं म्हणजे झालंच असणार.” बाईंनी कंपास काढला. दोन वर्तुळं अगदी नेटकी छेदली होती, त्या ढगाच्या पायाशी. फोटो आला. मिस्त्री स्टुलावर बसून त्या फोटोकडे बघत राहिला. त्याला रडू येईल असं वाटलं, सुखाने.

अंगठा आला नाही. बारकी काहीतरी लिहीत होती. खूप वेळ लिहीत होती. तीन वर्षांत तिने एका आकड्यापलीकडे काही लिहिलं नव्हतं.

“सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. गेल्या आठवड्यात माझी बदली झाली, मी आता त्या शहरात नाही. इथे यायला आगगाडीने एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. आज नव्या जागेतला पहिला गडगडाट, राहवेना म्हणून आधी आकडा टाकला. बाई, नकाशावरचं माझं भोक आता बुजवून टाका.”

मिस्त्रीने ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना एवढंच कळलं की पोर गाव सोडून गेली आणि आपल्याला पत्ताही नाही. दुसऱ्यांदा वाचताना बाकीचं कळलं.

वर आलेला त्याचा आकडा तिने आता वाचला असावा. पुढची ओळ आली.

“बाबा?”

तीन वर्षं तो या एका शब्दासाठी कान टवकारून बसला होता. आता तो आला आणि वाचवेना.

“बाबा, सत्तावीस कशाचे?”

खरं बोलायची वेळ होती. एक ओळ पुरली असती: तुझा आकडा आला, माझ्याने राहवलं नाही, काहीतरी उत्तर द्यायचं होतं. तो माणूस वाईट नव्हता. पण घाबरला की त्याचा हात त्याच एका जुन्या खुंटीकडे जायचा. उचललं बोट आणि लावलं फोनला. “इकडेही ढग होता. कान वाजले असतील.”

पलीकडून आलं:

“हो. आईलाही सर्दीच झाली होती.”

त्याखाली फोनने आपली कोरडी ओळ टाकली, की बारकी ग्रुपमधून बाहेर पडली आहे.

त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली, पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली. गच्चीवर अंधार पडू लागला होता. पंप बंद असल्याने टाकी रिकामी झाली, आणि पाचव्या मजल्यावरून कोणीतरी पाण्यासाठी ओरडायला लागलं. त्याने उठून पंप सुरू केला. करण्यासारखं तेवढंच होतं.

ग्रुपमध्ये कोणी त्याला एका शब्दाने टोचलं नाही. तसं झालं असतं तर परवडलं असतं. बेकरीवाल्याने दुसऱ्या दिवशी ताज्या पावाचा फोटो टाकला, “सर्वांना गरमागरम नमस्कार.” बाईंनी लिहिलं, “उष्म्यात असे भास होतात कधी कधी.” सगळ्यांनी ‘हो, हो’ म्हटलं, आणि त्या ‘हो, हो’मध्ये मिस्त्री कमरेपर्यंत बुडाला.

पुढच्याच आठवड्यात वळीव आला, अगदी मागून घेतल्यासारखा. दुपारी चार वाजता दिवे लावावे लागले. धुळीचा लोट उठला, कुणाचा तरी पत्रा रस्त्याने खडखडत गेला, वीज गेली. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आतून घंटा वाजू लागली. मिस्त्री मशीनच्या खोलीत शिरला, ब्रेक मोकळा केला आणि मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवायला लागला. इंच इंच लिफ्ट वर येत होती. आत कोणी बाई होती, तिचा म्हातारा सासरा होता. “अहो मिस्त्री, जीव जातोय की आमचा!” असा तिचा आवाज विहिरीतून यावा तसा वर येत होता.

खिडकीत लख्ख उजेड पडला. मिस्त्रीने मोजायचं नाही असं ठरवलं होतं. पण ओठ ऐकेनात, चाक फिरवता फिरवता ते आपोआप हलू लागले. अकराला आवाज आला, असा की खिडकीच्या काचा थरथरल्या आणि खालची बाईसुद्धा गप्प झाली.

लिफ्ट पाचव्यावर लागली. माणसं त्याला शिव्या घालत बाहेर पडली. तो गच्चीच्या दारात येऊन उभा राहिला. समोर सगळं आभाळ पेटत-विझत होतं, वर्षभर वाट पाहिलेलं सगळं तिथे होतं, आणि त्याला ते एखाद्या परक्याच्या लग्नासारखं वाटलं. ग्रुपवर आकड्यांचा पाऊस पडत होता. बेकरीवाला आठ, दातांचा डॉक्टर चौदा. सवयीने त्यानेही लिहिलं, “अकरा.” बारकीचं नाव यादीत नव्हतं, तरी त्याने एकदा खाली सरकवून पाहिलं.

वर्तुळांचा फोटो यायला हवा होता. तो आला नाही. त्याऐवजी बाईंचा निरोप आला. ग्रुपवर नाही, त्याला एकट्याला. चारचौघांत विचारणं त्यांना बरं वाटलं नसावं.

“मिस्त्री, अकरा नक्की ना?”

पुन्हा लखलखलं. वीज येऊन पुन्हा गेली होती, आणि खाली लिफ्टमध्ये कुणीतरी पुन्हा घंटा दाबली होती. मिस्त्रीने तेलकट बोटांनी लिहिलं, “नक्की.” पाठवण्याआधी त्याने तो शब्द एकदा स्वतः वाचून पाहिला. त्यालाही तो खरा वाटेना.