ओलं बाकडं

तीन कारखाने, पण ऑर्डर एकच. धाकटा भाऊ बाकड्याचा लोखंडी सांगाडा वेल्डिंग करून द्यायचा, पत्रेवाले काका त्यावर बैठक आणि पाठ बसवायचे, आणि ताई रंग मारून, भट्टीत भाजून माल मोठ्या कंपनीला पाठवायची. कुणाचं अडलं की बाकीचे दोघं हातातलं टाकून धावायचे. ह्याला कुणी सहकार्य-बिहकार्य म्हणत नव्हतं. असंच करायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक.

मग कंपनीच्या साहेबाला बुद्धी सुचली. म्हणे, तुमच्यातलं सहकार्य वाढायला हवं, म्हणून दर महिन्याला प्रत्येकाला गुण देणार. ज्याचे जास्त तो 'सर्वोत्तम सहकारी', आणि पुढच्या वर्षी काम आधी त्यालाच. सुखानं चाललेल्या घरात पाहुण्यानं येऊन विचारावं, तुमच्यात जास्त राबतं कोण, तसलाच हा प्रकार. नसती उठाठेव, दुसरं काय.

आणि नेमकी ताईची भट्टी तापवणारी कॉईल जळाली. माल परवा द्यायचा होता. नाही दिला तर तिघांचीही ऑर्डर जाणार. तरी ताई घाबरली नाही. तिघांनी मिळून घेतलेली जादा कॉईल भावाकडे ठेवलेली होती. ती मागायला ताई त्याच्या कारखान्यात गेली.

"माझ्याकडे नाही ती," भाऊ म्हणाला. तोंड मशीनकडे.

ताईनं दारामागे पाहिलं. खिळ्याला तिचीच जुनी ओढणी लटकत होती, आणि तिच्यात गुंडाळलेली कॉईल.

"ती ओढणी कुणाची रे?"

भावाची मान खाली गेली. "गुण कापतात, ताई. मागच्या महिन्यात काकांकडे माणूस पाठवला, तर 'स्वतःचं काम सोडलं' म्हणून माझेच कापले."

"आणि माझं अडलं तर तू पुढे जाशील."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्याचा कारखाना उभा राहावा म्हणून तिनं स्वतःची अर्धी शेड ह्याला दिली होती, आणि हा बाबा तिच्याच ओढणीत कॉईल लपवून बसला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?

"चल," ती म्हणाली. "बाकड्याचं एक टोक धर."

न भाजलेलं बाकडं दोघांनी टेम्पोत चढवलं आणि थेट साहेबाच्या केबिनमध्ये नेऊन ठेवलं. उंटावरून शेळ्या हाकणारा तो साहेब आज पहिल्यांदाच खुर्चीतून उठला.

"हे काय?"

"बाकडं. बसा."

"अहो, रंग ओला आहे."

"सांगाडा पैकीच्या पैकी. पत्रा पैकीच्या पैकी. रंगालाही नाव ठेवून दाखवा. माझी भट्टी बंद पडली, तरी कुणीही आपलं काम सोडून दुसऱ्याकडे गेलेलं नाही, अगदी तुम्हाला हवं तसं. मग बसा की."

साहेब काही बसला नाही. चाचरत म्हणाला, "गुणांचं तूर्त राहू द्या."

"तूर्त नाही," ताई म्हणाली. "कायमचं."

साहेबानं मान हलवली, तेव्हाच ती केबिनबाहेर पडली.

खाली आल्यावर भावानं टेम्पोच्या सीटखालून कॉईल काढून पुढे केली. निघताना कधी उचलली होती, देव जाणे. त्याचे हात रंगानं बरबटले होते. ताईनं कॉईल घेतली, ओढणी सोडवली आणि त्याच्या अंगावर टाकली.

"हात पूस. आणि ऐक, जादा कॉईल यापुढे काकांकडे राहील."

भाऊ हात पुसत राहिला. इतकी वर्षं कॉईल त्याच्याकडे होती, कारण तो सख्खा होता.