कारखान्यामागची खोली

माझ्या नणंदबाई बोलतात कमी आणि खोडतात जास्त. भूमापन कचेरीत नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माझी गेली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात. त्यामुळे एका घरात राहायला लागल्यापासून त्यांच्या वाटणीचंही मीच बोलते. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला नुसतं 'अगं' म्हणतात, आणि तेवढ्यावर आमचं उत्तम चाललंय.

निवृत्त झाल्यावर बायका विणकाम करतात, सुनांना नावं ठेवतात. वन्संनी काय करावं? तर जुन्या वस्तीचा नकाशा. रुंद रस्ता झाला तेव्हा सबंध वस्ती पाडली होती, वन्संचं लहानपण तिथल्याच वरच्या आळीत गेलेलं. वाचनालयाने म्हटलं, तुम्ही नकाशा काढा, आम्ही मोठ्या दालनात कायमचा लावतो. झालं. माझं जेवणाचं टेबल गेलं. कागदाला डाग पडेल म्हणून मी आजही ओट्याशी उभी राहून जेवते. बोलून काही उपयोग नाही, सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

पण काम बघाल तर थक्क व्हाल. माणसं जुने फोटो घेऊन यायची, आणि प्रत्येकाचं म्हणणं हेच की वस्तीतलं सगळ्यात मोठं अंगण आमचं. एकाच झाडावर तर चार जणांनी हक्क सांगितला. वन्सं कुणालाही 'तुमचं घर कुठे होतं?' असं विचारायच्या नाहीत. त्या विचारायच्या, "बर्फ आणायला जायचात ना? येताना तो हातात कुठे वितळायला लागायचा?" "ते लाल कुत्रं कुठपर्यंत मागे यायचं?" "आईने हाक मारली तर तुम्ही कुठे असलात की ऐकू यायची?" म्हातारी माणसं डोळे मिटून सांगायची, आणि वन्सं पट्टी लावून मोजायच्या. मी नातेवाइकांत कधी कुणाचं तोंडभरून कौतुक केलेलं नाही, पण हे बघताना मला अगदी अभिमान वाटायचा.

त्यांचा नियम एकच. एकाच्या आठवणीवर शाई नाही, नुसती पेन्सिल. दुसरा साक्षीदार आणा, जुना नकाशा म्हणा, फोटो म्हणा, नाहीतर दुसरं माणूस. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.

आणि मग कंपाउंडरकाका आले. त्यांना सगळे कंपाउंडरच म्हणतात. दवाखाना बंद होऊन जमाना झाला, तरी माणसं अजून रस्त्यात अडवून खोकल्याचं औषध विचारतात. चपला दाराबाहेर अगदी सरळ रेषेत काढून आत आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले.

"रंगाच्या कारखान्यामागे आमची खोली होती," ते म्हणाले. "पत्र्याची. एकच. मुलांच्या शाळेच्या अंगणाला लागून."

"शाळेकडे तोंड करून उभं राहिलं, तर कुठल्या हाताला?" वन्संनी विचारलं.

"उजव्या."

वन्संनी कचेरीचा जुना नकाशा उलगडला. शाळेच्या उजव्या हाताला, म्हणजे पूर्वेला, नुसता पांढरा कागद. मोकळी जागा. "पत्र्याच्या खोल्या आम्ही नकाशात घेतच नव्हतो," त्या म्हणाल्या. "कच्चं बांधकाम म्हणून सोडून द्यायचो. शेजारी कोण होतं?"

"कोणी नाही. मी आणि आई, दोघंच. मी चौथीत असताना आई गेली, मामाने मला त्याच्या गावी नेलं. मोठा होऊन परत आलो तर तिथे रस्ता." काकांनी त्या पांढऱ्या जागेवर तळवा ठेवला. "माझी मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही इथले नसालच. कुणाकडून तरी ऐकलेलं असेल, ते तुमच्या डोक्यात बसलंय. ती वाईट नाही हो, पण तिला दाखवायला माझ्याकडे काही नाही. ना जागा, ना कागद. मला मोठं काही नकोय. एक चौकोन काढा. माझी आई इथे राहत होती, एवढं कुठेतरी असू द्या."

माझा जीव तुटला. त्यांच्या जागी मी असते तर तिथल्या तिथे शाईने चौकोन काढून वर कौलंसुद्धा घातली असती. पण वन्सं म्हणजे वन्सं. एक मात्र केलं, जुन्या फोटो स्टुडिओत फोन लावला. म्हाताऱ्या फोटोवाल्यांच्या काचा, म्हणजे पूर्वी ज्यांच्यावरून फोटो छापत त्या, आता त्यांची नातसून सांभाळते. तिने वाचनालयासाठी त्यातल्या बऱ्याच छापून फ्रेम करून ठेवल्या होत्या. मुलांच्या शाळेचा फोटो होता. संध्याकाळी ती स्वतःच घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी काकांना बोलावलं. शाळेच्या भिंतीला पाठ लावून पोरांच्या रांगा उभ्या. काकांनी टोकाच्या एका पोरावर बोट ठेवलं. "हा मी. कान बघा की." कान खरंच तसेच होते, बशीच्या कडेसारखे बाहेर आलेले. "मी आमच्या खोलीच्या बाजूला उभा होतो, अगदी टोकाला."

"हे डावं टोक आहे," वन्सं म्हणाल्या.

"असं कसं? उजवं."

"समोर दिसतंय ना. आणि ही सावली बघा." काकांच्या पायापाशी डावीकडून एक मोठी काळी सावली आत आली होती, उतरत्या छपरासारखी. "सावली डावीकडून येतेय, म्हणजे ऊन पश्चिमेचं. फोटो संध्याकाळचा आहे."

"सकाळचा आहे," काका म्हणाले. "पहिली घंटा व्हायच्या आधी काढला. मला पक्कं आठवतंय."

"हे बघा," वन्सं म्हणाल्या, आवाज मऊ होता पण शब्द मऊ नव्हते, "आठवण माणसाला फसवते. फोटो नाही फसवत. शाळेच्या डावीकडे तलाव होता. तिथे खोली असणं शक्य नाही."

काकांनी अर्धा चहा तसाच ठेवला, उठले, म्हणाले, "बरं आहे," आणि गेले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी मग वन्संना सोडलं नाही. म्हटलं, "धन्य आहे तुमची. म्हातारा माणूस, आईसाठी एक चौकोन मागतोय, आणि तुम्ही त्याला ऊन शिकवताय."  वन्सं फोटोकडे बघत एवढंच म्हणाल्या, "तलावात छप्पर कुणाचं?" म्हणजे त्यांनाही चैन नव्हतंच. चूक असेल तिथे ही बाई बोटाने चाचपत राहते, दुखरा दात चाचपावा तशी.

सकाळी मी चहा घेऊन गेले तर फोटो तिथेच होता. बघता बघता मी म्हटलं, "काय पोरं हो ही. संध्याकाळ झाली तरी एकाचा शर्ट मळलेला नाही, भांग मोडलेला नाही. आमचे चिरंजीव शाळेतून यायचे तेव्हा ओळखावे लागायचे."

वन्संचा कप ओठांशीच राहिला. मग त्यांनी भिंग काढलं आणि एकेका पोरावर ठेवत गेल्या. ओले केस, कडक कॉलर. पहिली रांग झाली, दुसरी झाली. "अगं," त्या म्हणाल्या, "खिसे बघ यांचे."

"खिशांना काय झालं?"

"शर्टाचा खिसा कुठे असतो?"

मी नकळत छातीच्या डाव्या बाजूला हात नेला. फोटोतल्या पोरांचे खिसे छातीच्या उजव्या बाजूला होते. एकाचा नाही, झाडून सगळ्यांचे.

"काच उलटी ठेवून छापलाय," वन्सं म्हणाल्या. "आरशातल्यासारखं झालंय सगळं. डावं ते उजवं. फोटो सकाळचा आहे, सावली पूर्वेकडून येतेय, आणि खोली ते म्हणाले तिथेच आहे." आणि कपाळाला हात लावला. "आणि मी त्यांना काय सांगितलं बघ."

आता इथे दुसरी कुणी असती तर नवा फोटो छापून घेतला असता, नकाशा गुपचूप दुरुस्त केला असता आणि चूक फोटोवाल्यांच्या नातसुनेच्या गळ्यात घातली असती. वन्संनी साडी बदलली आणि तडक कंपाउंडरकाकांचं घर गाठलं. मी मागोमाग गेले, हे मला चुकवायचं नव्हतं. काकांनी दार उघडलं, तशा उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. मी फोटोवर विश्वास ठेवला, तुमच्यावर नाही ठेवला. तुमच्या मुलीला सांगायचं असेल तर मी सांगते." सबंध नोकरीत साहेबापुढे मान न झुकवलेली बाई, पण तिथे हात जोडून उभी राहिली. मी त्यांच्यावर आयुष्यभर केलेले सगळे विनोद त्या क्षणी मागे घेतले. मनातल्या मनात, उघड नाही.

काका गडबडून म्हणाले, "अहो, आधी आत तर या."

स्टुडिओतल्या नातसुनेनेही आढेवेढे घेतले नाहीत. "दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते हो काच, उजेडाला धरली की," ती म्हणाली. "शाळेची पाटी असती तर अक्षरं उलटी दिसली असती, तेव्हाच कळलं असतं." तिने फोटो सरळ करून पुन्हा छापला, यावेळी मोठा आणि कडेपर्यंत अख्खा, कारण आधी फ्रेममध्ये बसवायला तिने कडा कापल्या होत्या.

तो फोटो टेबलावर पसरून आम्ही तिघं बसलो. वन्संनी पोरांच्या सावल्या मोजल्या, मग छपराची मोजली. "छप्पर किती उंच होतं?" त्यांनी विचारलं.

"आई टाचा उंच करून वरच्या वाशावर किल्ली ठेवायची," काका म्हणाले.

"आणि आईची उंची?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "उभ्या राहता का जरा?" मी उभी राहिले. "यांच्याहून बोटभर कमी." झालं, माझंही माप नकाशाच्या कामी आलं. वन्संनी उंची आणि सावलीवरून खोलीचं अंतर काढून पेन्सिलीने रेघा ओढल्या. शाळेच्या पूर्वेला, पांढऱ्या कागदावर, एक छोटासा चौकोन उभा राहिला.

"एक राहिलं," वन्सं म्हणाल्या. पेन्सिलीचं टोक त्यांनी फोटोच्या अगदी कडेला नेलं, आधी कापला गेला होता त्या भागात. "छपराच्या सावलीला लागून ही दुसरी सावली आहे. वर गोल आहे, बाजूला टोक निघालंय. कोपऱ्यावर काय होतं? पिंप असेल तर त्याची जागा धरायला हवी."

"आमच्याकडे पिंप नव्हतं," काका म्हणाले आणि वाकले. मग वन्संच्या हातातलं भिंग त्यांनी न विचारताच घेतलं. ते कडेवर धरून त्यांनी डोळा अगदी जवळ नेला.

"कोपर आहे ते," काका म्हणाले. "हात डोक्यावर आहे तिचा."

"कुणाचा?" मी विचारलं.

"माझे मागचे केस उभे राहायचे. पाण्याने चापून बसवले तरी उभेच. ती कोपऱ्यावर येऊन स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून मला खुणावत होती, खाली बसव, खाली बसव. मी तिच्याकडेच बघत होतो. फोटोवाले ओरडले माझ्यावर."

फोटोतली सगळी पोरं समोर बघत होती. टोकाचं मोठ्या कानांचं पोर तेवढं बाहेर बघत होतं, सावली जिकडून येत होती तिकडे.

"तुमच्याकडे आईचा फोटो आहे?" वन्संनी विचारलं.

"एकही नाही. खरं सांगायचं तर चेहराही नीट आठवत नाही आता."

मला रडू आवरेना, आणि मी आवरायचा प्रयत्नही केला नाही. वन्संनी शाईची दौत ओढली, पट्टी धरली आणि चौकोनाच्या चारही रेघा सावकाश काळ्या केल्या. हात जरासुद्धा हलला नाही. डोळे मात्र माझ्याहून लाल झाले होते.

"झालं," त्या म्हणाल्या. "बघा."

काकांनी नकाशाकडे बघितलंच नाही. एक बोट फोटोवर तसंच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढला आणि मुलीला लावला.

"कामात आहेस का?" ते म्हणाले. "सुटलीस की इकडे ये. तुला तुझी आजी दाखवतो."