वाटाण्याएवढं जेल

मासोळी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हतं. लहानपणी अंघोळीच्या टबातून तिला बाहेर काढताना घरच्यांच्या नाकी नऊ यायचे, म्हणून बाबांनी ते ठेवलं होतं. पुढे ती मत्स्यालयात कामाला लागली, दोन मजली काचेच्या टाकीत उतरून माशांना भरवणं आणि काचेवरचं शेवाळ पुसणं हेच तिचं काम झालं, आणि मग ते नाव तिला असं चिकटलं की तिचं खरं नाव कुणाला आठवेना.

टाकीत उतरलं की वरचा उजेड तिरपा होऊन खाली यायचा. कानात फक्त स्वतःचा श्वास. पसरट पाकट मासे चादर झटकावी तसे अंगावरून सावकाश निघून जायचे, आणि काचेपलीकडची माणसंच पोहताहेत असं वाटायचं. मासोळीला तिथे फार बरं वाटे. डोळ्यांवर मास्क, तोंडात हवेची नळी. खाली तिला चेहराच नसायचा.

वर मात्र होता. विशी ओलांडल्यावर, मैत्रिणींच्या पुटकुळ्या केव्हाच मावळल्यावर, तिला हनुवटीपासून कानांपर्यंत मुरुमं उठली. साधीसुधी नव्हे, आतून ठणकणारी, रात्री कुशीवर वळलं की जाग आणणारी. मग काय, जो भेटेल तो वैद्य. तेलकट खाऊ नकोस, चेहरा धूत जा, इतका धूत जाऊ नकोस, लग्न झालं की जातील. आईने लाँड्रीत तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईकडून चेहरा उजळणारं एक मलम आणून दिलं. त्याने काही आठवडे गाल आरशासारखे झाले आणि थांबवल्याबरोबर सगळं दुपटीने वर आलं. त्या दिवसापासून आई या विषयावर गप्प झाली. तिला वाईट वाटलं होतं, पण ते बोलून दाखवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

घरात एकाच माणसाला यातलं काही ठाऊक नव्हतं, ते म्हणजे बाबा. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. गेली काही वर्षं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता आणि त्यांना सगळं जग दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. माणसं ते चालीवरून ओळखत. मासोळीला तर तिच्या केसांना येणाऱ्या खाऱ्या वासावरून. ती त्यांच्याजवळ जाऊन बसे तेव्हा एकदाही हाताने गाल झाकत नसे. त्या दोन धूसर डोळ्यांत आपला जुना चेहरा कुणीतरी घडी घालून जपून ठेवलाय, असं तिला वाटे. आईला तिने बजावून ठेवलं होतं, बाबांना सांगायचं नाही.

ऑपरेशनचं नाव काढलं की बाबा टाळाटाळ करत. आणि मग एका फुलवाल्याची पाटी त्यांनी निळी म्हणून चक्क तपकिरी रंगवून दिली. फुलवाला भला माणूस, हसला आणि राहू दे म्हणाला. बाबा मात्र घरी येऊन ब्रश धुता धुता म्हणाले, "करून टाकू आधी एका डोळ्याचं."

आईचा जीव भांड्यात पडला. मासोळीच्या मनात मात्र आलं, आता बाबांना आपला चेहरा दिसणार, आणि तसं आलं म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या मोठ्या दिव्याखाली चेहरा धरून बराच वेळ बघत राहिल्या. मलमाची हकिगत ऐकून म्हणाल्या, त्यात स्टेरॉइड असणार. मग औषधं समजावून सांगितली. एक कॅप्सूल, अँटिबायोटिकची, जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर, आणि घेतल्यावर आडवं पडायचं नाही. कॅप्सूल चालू असेपर्यंत उन्हापासून जपायचं. सकाळी लावायचं एक जेल, झोपण्याआधी लावायचं दुसरं. नुसती कॅप्सूल घेतली तर जंतू निर्ढावतात, म्हणून जेल सोडायचं नाही. मास्कची कड चेहऱ्यावर घासते, ती रोज धुवायची.

"रात्रीचं जेल वाटाण्याएवढं," त्या म्हणाल्या. "एका पुटकुळीला नव्हे, सगळ्या चेहऱ्याला मिळून. आधी थोडं वाढेल. फरक दिसायला दोन-तीन महिने धरा."

बाबांचं ऑपरेशन पुढच्याच महिन्यात होतं. मासोळीने विचारलं, लवकर नाही का होणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्वचेला घाई करता येत नाही.

पण मासोळीला घाईच होती. वाटाण्याएवढं सांगितलेलं जेल ती बोराएवढं घेऊ लागली. आठवडाभरात चेहरा लालबुंद झाला, ओठांच्या कडा सोलवटल्या, पाण्याचा हबका मारला तरी आग होई. एकदा दुपारी टाकीत उतरायची वेळ झालेली, तिने उपाशीपोटीच कॅप्सूल घेतली, वर घोटभर पाणी प्यायली आणि कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर जरा डोळे मिटून पडली. उठली तेव्हा छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं जळत होतं. थुंकी गिळवेना. बरोबरच्या वयस्क पाणबुड्याला वाटलं हिच्या हृदयाचंच काही, म्हणून त्याने टॅक्सी करून तिला थेट दवाखान्यात नेलं. हृदय ठणठणीत निघालं. कॅप्सूल घशाखाली अन्ननळीतच अडकून विरघळली होती आणि तिथे भाजल्यासारखी जखम झाली होती. चार दिवस ती थंड, पातळ पदार्थांवर राहिली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. जखम भरेपर्यंत कॅप्सूल बंद, रात्रीचं जेल एक दिवसाआड, त्याआधी चेहऱ्याला साधं क्रीम, असं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी विचारलं, "एवढी घाई कशासाठी?"

मासोळीने सांगितलं. सांगताना ते तिला स्वतःलाच फार पोरकट वाटलं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर 'वाटाण्याएवढं' या शब्दाखाली रेघ ओढली.

तर बाबांच्या डोळ्याची पट्टी सुटायची होती त्या सकाळी मासोळीचा चेहरा आजवरचा सगळ्यात वाईट होता. ती खोलीच्या दाराशी, आईच्या मागे उभी राहिली. नर्सने पट्टी काढली, डोळा पुसला. बाबांनी पापणी हळूच उघडली, मिटली, परत उघडली. प्रथम त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, उलटा सुलटा करून, जणू कुणी दुसऱ्याचाच दिलाय. आईला म्हणाले, तू केस पिकवलेस की. आई म्हणाली, तुमच्याच कृपेने. मग ते म्हणाले, "आणि मासोळी कुठंय?"

ती पुढे झाली. पलंगाजवळ उजेड होता. बाबांनी तिचा चेहरा पाहिला. पाटी रंगवण्याआधी भिंत पाहावी तसा, कुठलीही घाई न करता. ती वाट बघत होती, आता ते विचारतील काय लावतेस, काय खातेस, कधीपासून.

"दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने होकारार्थी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी सोललेल्या गालांवरून झोंबत खाली गेलं. बाबांनी तिचा हात धरून ठेवला. आई खिडकीचा पडदा उगाचच सारखा करत राहिली.

मग घरात औषधांचं राज्य सुरू झालं. बाबांना डोळ्यात थेंब, मासोळीला जेल. दोघं सकाळी एकाच टेबलाशी बसत, एक जण छताकडे बघत, दुसरी आरशाकडे. नवीन नजर आल्यापासून बाबांना बारीक अक्षरं वाचायचा नादच लागला होता. चष्मा लावून ते तिच्या ट्यूबवरचा मजकूर मोठ्याने वाचत आणि रात्री वाटाणा मोजून घेतल्याची खात्री करत. सकाळच्या जेलने उशांचे अभ्रे, टॉवेल, मासोळीच्या निळ्या सदऱ्याची कॉलर, सगळीकडे पांढरे ढग उठले. आई लाँड्रीत कामाला. ती म्हणे, जन्म गेला डाग काढण्यात, पण रंग काढणारा डाग पहिल्यांदाच बघतेय. या जेलमधून आमची सुटका कधी?

डॉक्टरांनी बाहेर फिरायची मोकळीक दिली तेव्हा बाबा काळा चष्मा लावून मत्स्यालयात आले. मासोळी टाकीत होती. अंधाऱ्या दालनात शिरून त्यांनी चष्मा काढला आणि जागच्या जागी थबकले. मोतीबिंदूने त्यांच्याकडून निळा रंगच काढून घेतला होता, तो आता एकदम, भिंतभर, छताएवढा उंच समोर उभा होता. ते काचेशी गेले. मासोळीने त्यांना पाहिलं आणि ती खाली आली. तिच्या बुडबुड्यांची माळ वर निघाली होती. पाकट मासा दोघांच्या मधून गेला, त्याची सावली बाबांच्या चेहऱ्यावरून सरकली. बाबा बोटाने हवेत काहीतरी रेखाटत होते; बहुधा त्या निळ्याची छटा कशी मिसळायची याचा हिशोब. ती कितीतरी वेळ तिथेच तरंगत राहिली, काच पुसायचं सोडून. नंतर वर येऊन तिने मास्क काढला आणि तशीच, कडेचे लाल वळ घेऊन, सगळ्या लोकांतून चालत त्यांच्यापाशी गेली. बाबा म्हणाले, एवढा निळा मी विसरूनच गेलो होतो.

चेहरा निवत गेला, पण कुठल्या दिवशी निवला हे सांगता येणार नाही. एका सकाळी ठणका नव्हता. मग बरेच दिवस नवीन काही उठलं नाही. डाव्या गालावर काही खळगे राहिले, ते राहणारच होते. जखम भरल्यावर पुन्हा सुरू केलेली कॅप्सूल पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी कायमची बंद केली. मासोळीचा धीर सुटला. ती म्हणाली, अजून थोडे दिवस घेते, परत आलं तर? त्यांनी समजावलं की ही औषधं वर्षानुवर्षं घ्यायची नसतात, नाहीतर खरी गरज पडेल तेव्हा कामाला येत नाहीत. इथून पुढे जेलवरच राखायचं.

पुढच्या महिन्यात हनुवटीवर एक आलंच. बसच्या काचेत तिला ते दिसलं. तिने मान वळवून पाहिलं, पण त्या दिवशी तिच्या डोक्यात दुसरंच होतं. लांबून आणलेला एक नवा पाकट आल्यापासून उपाशी होता, तळाशी वाळूत नुसता पडून असायचा. ती कपडे बदलून पाण्यात उतरली आणि वाळूपाशी गुडघ्यांवर बसून राहिली, तळहातावर कोळंबी धरून. उजेड तिरपा होत होत तिच्या खांद्यापर्यंत आला. वाळू जराशी हलली, पाकटाने एक कड उचलली, सरपटत तो जवळ आला, आणि त्याचं मऊ, गार तोंड तिच्या तळव्यावर टेकलं.