हवाबंद

बाबांनी हात फडक्याला दोनदा पुसले आणि मगच कागदाला बोट लावलं. तेही अगदी कडेला. दुकानात चौकटीसाठी येणाऱ्या लग्नाच्या फोटोंनाही एवढा मान मिळत नसे.

"मॅडमनी सगळ्या वर्गाला दाखवली ती आकृती हीच ना?"

"हो," लेक म्हणाली.

"हीच हो," आई मागच्या दारातून म्हणाली. दुकानामागेच घर असल्यामुळे दुकानातल्या प्रत्येक बोलण्यात तिचा अर्धा वाटा असायचा. "किती महिने मागे लागलेय हिच्या. मी तर जागाही ठरवलीय. दर्शनी भिंतीवर, आरशाच्या शेजारी. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला हवी."

खोटं त्यात काहीच नव्हतं. मॅडमनी ती खरोखर सगळ्या वर्गाला दाखवली होती. विद्यापीठातलं लेकीचं पहिलंच प्रात्यक्षिक होतं. काचपट्टीवर पानाचा पापुद्रा, त्यावर पाण्याचा थेंब, वर पातळ काच. शाळेत तिनं पहिला नंबर कधी सोडला नव्हता, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा कधी लावला नव्हता. शाळेतला सूक्ष्मदर्शक कपाटात असायचा आणि कपाटाला कुलूप. त्या दिवशी डोळा लावला तेव्हा मधोमध एक लख्ख गोल दिसला, भोवती जाड काळी कड. ती श्वास घ्यायची विसरली. तास संपेपर्यंत मान वर न करता तिनं तो गोल कागदावर उतरवला. काळ्या कडेला बाण काढून लिहिलं, पेशीभित्तिका. आतल्या ठिपक्यापुढे लिहिलं, केंद्रक.

मॅडमनी कागद उंच धरला. "ही पेशी नाही, बरं का. वरची काच घाईनं टाकली की खाली हवा अडकते. हा त्या हवेचा बुडबुडा. आणि हे केंद्रक म्हणजे धूळ." दर वर्षी कोणीतरी हे काढतंच, असंही त्या म्हणाल्या, पण तोवर हशा पिकला होता. कागद परत आला तेव्हा कोपऱ्यात पेन्सिलीनं, त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: हवा.

तेव्हापासून ती बुडबुडी झाली. बुडबुडे, पाणी सरकव. बुडबुडे, दार लाव. हाक मारणाऱ्यांच्या मनात काही नसायचं, हेही तिला कळत होतं. तरी ती आधी मागच्या बाकावर गेली, मग हात वर करेनाशी झाली, आणि दिवाळखोराच्या दुकानासारखी हळूहळू आतून रिकामी होत गेली.

प्रात्यक्षिकाच्याच संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा तिनं एकच वाक्य सांगितलं. मॅडमनी माझी आकृती सगळ्या वर्गाला दाखवली. पुढचं वाक्य ओठांवर होतं, पण तेवढ्यात पलीकडे आईनं बाबांना मारलेली हाक ऐकू आली. "अहो, ऐकलंत का?"

ते पुढचं वाक्य आज सांगायचं होतं. सुट्टीला येताना ती वसतिगृहातली चादर, उशी, सगळं घेऊन आली होती. आईला वाटलं, धुवायला आणलंय.

बाबांनी कागद उचलून उजेडाकडे तिरपा धरला. "इथं काहीतरी खोडलंय."

"पेन्सिल लागली होती चुकून."

त्यांनी कागद आणखी थोडा कलता केला. खोडरबरानं शिसं जातं, अक्षरांचा दाब जात नाही. मग कागद खाली ठेवून त्यांनी पट्टी घेतली. "पुठ्ठ्याची कड जरा आत घेतो. कोपरा झाकला जाईल."

काच पुसली, फुंकर मारली, पुन्हा पुसली. पुठ्ठा, कागद, मागची फळी एकावर एक बसली. बाबांनी बारीक खिळ्यांची चिमूट ओठांत धरली आणि पहिला खिळा ठोकायला घेतला. खिळे तोंडात असले की बाबा कोणाशी बोलत नसत. गिऱ्हाईक उभं राहायचं, आई चिडायची, पण शेवटचा खिळा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

आत कुकरची शिट्टी झाली. आई त्या बाजूला गेली.

"बाबा," ती म्हणाली. "मला परत नाही जायचं."

हातोडी हवेत थांबली. मग खाली आली, होती तेवढ्याच जोरानं.

"तिथे मला काही येत नाही. मी विचारतही नाही कोणाला. ते हसले होते, बाबा. आकृती बघून सगळे हसले होते."

बाबांनी ओठांतून पुढचा खिळा काढला. चौकट फिरवली. ठोकला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. एकेक करत सगळे खिळे संपले.

आता ते मागच्या फटींवर कागदी पट्टी चिकटवणार होते. पट्टीवरून अंगठा फिरवताना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवत: घ्या, आता आत हवेचा कण नाही. लहानपणी ती स्टुलावर बसून हे वाक्य त्यांच्या आधी म्हणायची.

बाबांनी चारही बाजूंना पट्टी लावली. अंगठा फिरवला, कोपऱ्यांवर जास्त वेळ. ते नेहमीचं वाक्य मात्र म्हणाले नाहीत.

आई हात पुसत आली. "झाली? आणा, आरशाशेजारी धरून बघते."

"इथं नको."

"अहो, पण मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"ज्याची वस्तू त्याच्याकडे बरी." त्यांनी रद्दीतला जुना कागद ओढला, चौकट त्यात गुंडाळली, सुतळीचे दोन आडवे-उभे वेढे दिले आणि वर बोट अडकवायला फास ठेवला. गिऱ्हाइकाची वस्तू बांधून द्यायचे, अगदी तशी.

"गाडीत मांडीवर ठेव," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "खाली ठेवू नकोस. काच आहे."

आई एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. "आणि लावायची कुठे हिनं?"

"वसतिगृहातल्या टेबलासमोर. बसल्यावर दिसेल अशी."

बाबांनी हातोडी जागेवर टांगली आणि दुसऱ्या कोणाचा तरी फोटो पुढे ओढला. तिनं फासात बोट घातलं. चौकट वाटली होती त्याहून जड होती.