कपाळावरचं बोट

चिऊ जन्मापासून बहिरी. पण तिच्या मनातलं आपल्याला सगळं कळतं, असा चारुलताचा ठाम समज होता. आईच ती, समज मोडणार कोण?

माधव अपघातात गेला तेव्हा चिऊ मावशीकडे खातेगावला होती. दिवसकार्य उरकल्यावर तिला देवासला आणलं. बाप गेला हे एवढ्याशा पोरीला खुणेनं सांगायचं कसं, हे घरात कुणालाच सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाची छातीही झाली नाही. आल्यापासून चिऊ रोज स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून आईकडे बघायची. चारुलताचं कुंकू नुकतंच उतरलेलं. पोरीला टिकली हवी असेल, असं समजून ती टिकली लावून द्यायची. चिऊ मुकाट्यानं लावून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी बोट पुन्हा कपाळावर.

पुढे चिऊ मूकबधिर मुलांच्या शाळेत जाऊ लागली. तिथं एक नवीन यंत्र आलं. त्याचा कॅमेरा मुलांचे हात आणि चेहरा टिपायचा आणि यंत्र त्या खुणा हिंदीत बोलून दाखवायचं. चेहरा कशाला, असं चारुलतानं विचारलं, तेव्हा तिथल्या शिक्षिका उर्वशी मॅडम म्हणाल्या की सवाल आहे की जवाब, ते भुवयांवरून कळतं. चिऊला यंत्रापुढे उभं करायचं त्या दिवशी चारुलता सकाळपासून हरखली होती. लेक आज बोलणार होती, उसन्या आवाजात का होईना.

चिऊ कॅमेऱ्यापुढे उभी राहिली. तिनं आईकडे बघितलं आणि कपाळावर बोट ठेवलं. चारुलतानं सवयीनं पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. चिऊनं तिचा हात बाजूला सारला आणि शाळेत शिकलेल्या खुणा केल्या. यंत्र बोललं,

"ये पापा हैं। पापा कब आएँगे?"

माधव कामावरून आला की लेकीच्या कपाळाला कपाळ टेकवायचा. रोज, चारुलताच्या डोळ्यांदेखत. आणि तिला ते एकदाही आठवू नये! पोर इतके दिवस बापाची वाट बघत होती आणि ही टिकल्या चिकटवत बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि माधव आत्ता इथं हवा होता असं फार फार वाटलं.

माणूस गेला, ही खूण कशी करतात ते तिनं विचारून घेतलं. उर्वशी मॅडमचे डोळे भरले, पण त्यांनी दाखवली. चारुलता लेकीसमोर बसली. आधी 'पापा', मग ती दुसरी खूण. पण चेहरा काही तिच्या ताब्यात राहिला नाही. भुवया वर चढल्या, ओठ थरथरले. यंत्रानं विचारलं, "पापा नहीं रहे?"

"हा तर सवाल झाला, ताई," उर्वशी मॅडम हलकेच म्हणाल्या. "चेहरा शांत ठेवून एकदा परत करा."

चारुलतानं हात पुन्हा उचलले. चिऊनं ते अर्ध्यातच पकडून खाली आणले, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून घट्ट धरून ठेवले.